जुना चहा, मोठा भाव : घ्यावा की न घ्यावा?

कापडाच्या येण्यापोटी कोणी रोख रकमेऐवजी चहा देऊ केला, तर व्यापाऱ्याने काय करावे? हा प्रश्न आमच्यासमोर खराच उभा राहिला होता. व्यापारी बंधूंपैकी अनेक जण आता मालासाठी चीनला जातात, म्हणून आमचा तजुर्बा येथे मांडत आहोत.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही ग्वांगझू शहरी होतो. तेथील झोंगदा कापड बाजारातून आम्ही बुरख्याचे काळे कापड काही वर्षे आणत होतो. आधीच्या मालातील कित्येक ताक्यांत रंगाचा फरक निघाला. एक ताका गर्द काळा, तर दुसरा किंचित तपकिरी. भिवंडीच्या शिलाईवाल्यांनी माल परत केला. पुरवठादाराने चूक मान्य केली आणि २४,००० युआन देणे कबूल केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम अडीच लाख रुपयांच्या आसपास होती. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने कपाटातून बांबूच्या सालीत बांधलेल्या दोन जुड्या काढल्या.

हा युन्नान प्रांताचा पु-अर चहा. तो पत्रावळीएवढ्या गोल चकत्यांत दाबलेला असतो. एक चकती ३५७ ग्रॅमची, सात चकत्यांची एक जुडी, म्हणजे अडीच किलोला एक ग्रॅम कमी. पुरवठादाराचे म्हणणे असे की, हा चहा वीस वर्षांचा आहे, एका चकतीला बाजारात २,००० युआन येतात, चौदा चकत्यांचे २८,००० झाले, म्हणजे ४,००० आमच्याच फायद्याचे. माणूस आमच्याच वयाचा, बोलण्यात नम्र. खोटे बोलतो आहे असे वाटले नाही. पण खरे बोलतो आहे हे कशावरून ठरवायचे? कापड असते तर आम्ही चिमटीत धरून सांगितले असते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या तेथील मशिदीत जुम्याची नमाज अदा केली. आमचा दुभाषी युन्नानचाच हुई मुसलमान तरुण. अरबी मदरशात शिकलेला, त्यामुळे त्याचे आमचे अर्धे अरबीत, अर्धे इंग्रजीत चाले. तो म्हणाला, “हाजीसाहेब, चहाचा सौदा कापड बाजारात ठरवू नका. चहा बाजारात चला.” त्याने आम्हाला फांगत्सुन भागात नेले. हा चहाचा प्रचंड घाऊक बाजार आहे, गल्लीमागून गल्ली चहाच्याच दुकानांची. तेथे त्याच्या ओळखीचे एक वयस्क हुई व्यापारी होते. युन्नानच्या हुई मुसलमानांचे खेचरांचे तांडे पूर्वी तिबेट, ब्रह्मदेश आणि सयामपर्यंत चहा वाहून नेत. या गृहस्थांचे पूर्वज त्याच धंद्यातले. आम्ही नमुन्याची एक चकती बरोबर नेली होती.

आधी त्यांनी आम्हाला चहाच समजावून सांगितला. पु-अरचे दोन प्रकार. एक कच्चा : पान तव्यावर परतून, मळून, उन्हात वाळवून, वाफेवर मऊ करून दाबतात आणि मग तो वर्षानुवर्षे आपोआप मुरत राहतो. नवा असताना कडू आणि तुरट, जुना झाला की लालसर आणि मऊ. दुसरा पक्का : पानांचे ढीग पाण्याने भिजवून, झाकून, दीड-दोन महिन्यांत मुरवलेला. ही युक्ती १९७३ च्या सुमारास युन्नानच्या कारखान्यांनी बसवली, कारण मुरलेल्या चहाला मागणी होती आणि वीस वर्षे थांबायला कोणाला सवड नव्हती. मोठे भाव सांगतात ते मुख्यतः कच्च्या, मुरलेल्या चहाचे. आपल्याकडे जुन्या तांदळाला मान असतो तसेच म्हणा, फक्त जुना तांदूळ दुप्पट-तिप्पट भाव खात नाही.

मग त्यांनी चकती हातात घेतली. कागदावर ७५४२ असा आकडा होता. पुरवठादाराने त्याचा उल्लेख केला नव्हता, पण पुष्कळ दुकानदार या आकड्यातले ७५ दाखवून गिऱ्हाइकाला “१९७५ चा माल” म्हणून सांगतात. खरे म्हणजे ७५ हे मिश्रण ठरवल्याचे वर्ष, ४ हा पानाचा दर्जा आणि २ हा कारखान्याचा क्रमांक, म्हणजे मेंगहाई. हे मिश्रण पुढे दशकानुदशके निघत राहिले. जुन्या चकत्यांच्या कागदावर बहुधा तारीखच नसे. आणि कागद छापायला काय लागते? आपल्याकडे ताक्याच्या काठावर नामांकित गिरणीचे नाव छापून देणारे कमी आहेत का!

चकती फोडली. तोंडावर बारीक पान, पोटात मोठे पान आणि काड्या. आम्ही लगेच ओरडलो की, वरचा पट्टा चांगला आणि आतला ताका खराब, हीच ती लबाडी! ते हसले. ती काही कारखान्यांची ठरलेली रीत आहे, सर्वांना माहीत असते, तो ऐब नव्हे. ऐब दुसरीकडे होता. पोटातल्या काड्यांवर पांढरट बुरशीची भुकटी होती, आणि वास बंद तळघराचा.

सात ग्रॅम चहा झाकणाच्या पेल्यात घेतला, उकळते पाणी ओतले, पहिले पाणी फेकून दिले. पुढचे पाणी गडद लाल निघाले. आम्हाला वाटले, रंग तर जुन्याचा आहे. पण चौथ्या-पाचव्या पाण्यालाच चव पातळ झाली. नंतर त्यांनी स्वतःच्या साठ्यातला, कोरड्या जागी ठेवलेला चहा तसाच केला. तो दहाव्या पाण्यालाही गोडसर लागत होता. शेवटी दोन्हींची उकळलेली पाने ताटलीत पसरली. त्यांचे पान तपकिरी, बोटांनी उलगडणारे. आमचे बरेचसे काळे, कडक, उलगडेना. पान जळाल्यासारखे काळे आणि ताठ असेल तर ते वयाने नव्हे, ओलीने झालेले असते. हाँगकाँगचे व्यापारी पूर्वी दमट गुदामात ठेवून चहा लवकर मुरवीत. ते उघड होते आणि चहा स्वस्त होता. तेथील उपाहारगृहांत तो रोजचा चहा म्हणून प्यायला जाई. पुढे तीच ओल वय वाढवून सांगण्यासाठी वापरली जाऊ लागली.

त्यांचा निष्कर्ष : पान युन्नानचे, वय दहा-बारा वर्षे, काही काळ दमट जागी राहिलेला. भाव चकतीला फार तर ४०० युआन, तोही गिऱ्हाईक मिळाले तर. चौदा चकत्यांचे ५,६०० झाले. आमचे येणे २४,००० होते.

वाचकांना येथे प्रेषित मुहम्मद (स.) यांचा बाजारातील तो प्रसंग आठवेल. धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, बोटांना ओल लागली आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. त्या विक्रेत्याने निदान पाऊस पडल्याचे सांगितले होते. चहाच्या बाजारात पाऊस गुदामातच पाडतात.

हा भाव इतका चढला कसा, तेही पाहू. जुन्या चकत्यांचे वेड तैवान आणि हाँगकाँगच्या संग्राहकांनी १९९० नंतर वाढवले. मग चीनमधील पैसेवाले त्यात उतरले. १९९९ ते २००७ या काळात भाव सुमारे दहापट झाले. २००७ च्या आरंभी तर स्सुमाओ शहराने आपले नाव बदलून पु-अर करून घेतले. त्याच वर्षी उन्हाळ्यात बाजार कोसळला. ज्यांनी चहा पिण्यासाठी नव्हे, दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी घेतला होता ते साठा घेऊन बसले. सरकारने २००८ मध्ये नियम केला की, युन्नानच्या ठरावीक भागातील, मोठ्या पानाच्या जातीच्या, उन्हात वाळवलेल्या चहालाच पु-अर म्हणावे. त्याने प्रांत ठरला, वय ठरले नाही. लाओबानझांग या एका डोंगरी गावाच्या नावाने विकला जाणारा चहा त्या गावात पिकतो त्याहून कितीतरी जास्त असतो. २०२३ मध्ये रियाध येथील बैठकीत युनेस्कोने जिंगमाई डोंगरावरील जुनी चहाची वने जागतिक वारशात घेतली. मान वाढला की नावाचा वापरही वाढतो.

तरीही जुना चहा लुटीचाच धंदा आहे असे आम्ही म्हणणार नाही. समजा माल खरा आहे आणि चकतीला २,००० युआन दिले. सात ग्रॅमप्रमाणे एक्कावन्न वेळा चहा होतो, म्हणजे एका वेळेला चाळीस युआनच्या आत. त्यात दहा पाणी निघतात, चार माणसे बसून पितात, माणशी दहा युआन. ज्याला परवडते आणि आवडते त्याने जरूर प्यावा. साठवणाऱ्याचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. २०० युआनची नवी चकती वीस वर्षांनी २,००० ला गेली तर दरसाल सुमारे बारा टक्के वाढ पडली. व्याज आपण धरत नाही; पण कापडात तीच रक्कम वर्षातून दोन-तीनदा फिरते, आणि कापडाला वीस वर्षे बुरशी, उंदीर आणि मसाल्याचा वास यांपासून जपावे लागत नाही. म्हणून खरा जुना चहा महाग असणे रास्त आहे. त्या भावात कोणाची तरी वीस वर्षांची राखण असते. राखण झालेली नसताना तिचे पैसे का द्यावेत?

आणि आमच्यासारख्याला तो पैशाच्या जागी तर मुळीच चालणार नाही. भारतात चहावर मूळ आयात शुल्कच शंभर टक्के, विकायचा तर अन्नसुरक्षा खात्याचा परवाना वेगळा. आणि भिवंडीत गिऱ्हाईक कोण? साखर-दुधाशिवायचा चहा आपल्याकडे आजारी माणसाला देतात.

परत जाऊन पुरवठादाराला सारे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला की, २००७ च्या वसंतात त्याने तो एका मित्राकडून घेतला होता, आठ वर्षांचा जुना म्हणून. त्यावर आपली बारा वर्षे मिळवून त्याने वीस केली होती. फसवलेला तो स्वतःच होता. त्याच्या दुकानात त्या दिवशी बायको आणि मुलगाही होते. आम्ही चकतीवर बोट ठेवून ऐब दाखवत होतो आणि तो त्या दोघांकडे पाहत नव्हता. दुभाष्यालाही पुढचे भाषांतर करणे जड जात होते.

त्याने १०,००० युआन रोख दिले, उरलेले पुढच्या मालात वळते करायचे ठरले. पुढचा माल म्हणजे २०२० चा. जानेवारीतच महामारी आली आणि बाजार बंद. त्या वर्षी घरात बसून आम्हाला अनेकदा वाटले की, ५,६०० चा का होईना, चहा हातात तरी आला असता. २०२१ च्या अखेरीस अल्हम्दुलिल्लाह माल आला, १४,००० पुरे वळते झाले. ताक्यांच्या गठ्ठ्यात त्याने एक चकती ठेवली होती. वर चिठ्ठी होती, मजकूर मोबाईलवर भाषांतर करून घेतला : किंमत नाही, वय माहीत नाही, प्या.

ती आम्ही मातीच्या बरणीत, अत्तराच्या कपाटापासून आणि मसाल्याच्या डब्यांपासून दूर ठेवली आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून वास घेतो.