घरघंटी घेताय? नाचणी माल्टसाठी जाळी कोणती, अर्थिंग कसे तपासाल, जाणून घ्या

उन्हाळा लागला की मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आंबिलीसाठी नाचणी भिजत पडते. मोड आणलेली नाचणी गिरणीत नेली, की आईचा प्रश्न ठरलेला : 'आधी काय दळलं होतं?' घरात गव्हाचे पथ्य असेल, तर हा प्रश्न साधा नाही. जात्यात राहिलेले आधीचे पीठ थोडे तरी मिसळतेच. म्हणून आम्ही घरघंटी घेतली आणि पहिलेच दळण फसले. चूक आमचीच होती. नाचणी वरून कोरडी आणि आतून ओलसर होती. जाळी लिंपली, मोटार तापून बंद पडली.

घरघंटी की दगडी चक्की?

घरघंटीत स्टीलच्या डब्यात पाती वेगाने फिरतात. दाणा फुटतो आणि जाळीच्या छिद्रातून जाण्याइतका बारीक झाला की खाली पडतो. म्हणजे पीठ किती बारीक, हे जाळी ठरवते. दगडी चक्कीत ते दोन दगडांमधल्या अंतरावर ठरते. पण दगडांना अधूनमधून टाकी लावावी लागते. जागा कमी आणि धान्ये अनेक असतील, तर घरघंटी सोयीची.

घरगुती यंत्रांत साधारण १ एचपीची सिंगल फेज मोटार असते. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटारीतला अपव्यय धरून तासाला सुमारे १ युनिट वीज जाते. गिरणीचा किलोचा दर आणि महिन्याचे दळण यांचा गुणाकार करा. यंत्राची किंमत किती वर्षांत सुटेल, ते कळेल.

जाळी कोणती लावायची?

जाळ्यांचे क्रमांक कंपनीनुसार बदलतात. क्रमांक न पाहता छिद्र पाहा. बाळाच्या सत्त्वासाठी सर्वांत बारीक, भाकरीसाठी मध्यम, भरड्यासाठी मोठ्या छिद्राची.

मोडाची नाचणी कशी दळाल?

• नाचणी रोळून घ्या. राहिलेला खडा जाळी फाडतो.
• ८ ते १२ तास भिजवा, मग फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणा.
• कडकडीत वाळवा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. मोड चोळून पाखडून टाका.
• भाजायचीच तर हलकी भाजा. मोड येताना तयार होणारे अमायलेज पिठूळ भागाची साखर करते. त्यामुळेच माल्टची पेज पातळ आणि गोडसर होते. जास्त भाजल्यास ते निकामी होते.
• शेंगदाणे, तीळ असे तेलकट पदार्थ घालू नका.

अर्थिंग तपासलेय का?

यंत्राची बॉडी धातूची असते आणि पेठेतल्या जुन्या घरांत वायरिंगही जुने असते. तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहेच, असे नाही. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ व्होल्टेज जवळपास सारखे यायला हवे. तसे दिसले, तरी इलेक्ट्रिशियनकडून लोड टाकून खात्री करा. १६ अँपिअरचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. एक्स्टेंशन बोर्ड टाळा.

यंत्र सपाट जमिनीवर, भिंतीपासून थोडे दूर ठेवा. हवा खेळती राहते आणि शेजारच्या भिंतीत धडधड जात नाही. साफसफाईआधी प्लग काढा. आत पाणी न घालता ब्रश वापरा.

बिअरचा माल्ट दळता येतो का?

इंटरनेटवर धान्याच्या गिरण्या शोधताना घरगुती बिअरचे व्हिडिओ हमखास दिसतात. त्या कामाला वेगळे यंत्र लागते. बार्लीचे टरफल शाबूत राहून आतला दाणा फक्त चेपला जावा, म्हणून दोन रोलरमध्ये साधारण १ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवतात. टरफलांचाच थर पुढे गाळणीचे काम करतो. घरघंटीत टरफलाचाही भुगा होतो आणि रस गाळताना तुंबतो. शिवाय महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार विनापरवाना मद्यनिर्मिती गुन्हा आहे. आपल्यासाठी आंबीलच बरी!

पहिले दळण

नवीन यंत्रात आधी अर्धा किलो ज्वारी दळा. ते पीठ खाऊ नका, डब्यातली धूळ त्यासोबत निघते. आणि घरात गव्हाचे पथ्य असेल, तर या यंत्रात गहू कधीच घालू नका. आमच्याकडे गहू आजही गिरणीतच जातो.