बसलेला लामा उठवताना

लामा आजारी पडला तरी तो लवकर कळू देत नाही. अँडीज पर्वतात, प्यूमाच्या टापूत ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्याला दुखणं लपवण्याची सवय असणारच. लंगडणारा आधी उचलला जातो. त्यामुळे लामा कळपाबरोबर चरत राहतो, रवंथ करत राहतो आणि एका सकाळी बसतो तो उठतच नाही. मालक म्हणतो, ‘काल संध्याकाळपर्यंत तर चांगला होता!’ डॉक्टर मात्र आधी लोकरीत हात घालून पाठीचा कणा चाचपतात. वरून गुबगुबीत दिसणाऱ्या जनावराची हाडं हाताला टोचतात, तेव्हा समजतं की खंगणं बरेच आठवडे चालू होतं.

टिनटिनच्या कॉमिक्समध्ये कॅप्टन हॅडॉकच्या तोंडावर थुंकणारा लामा आपल्याला माहीत आहे. पेरू आणि बोलिव्हियाच्या पठारांवर ओझी वाहणारं, लोकर देणारं हे जनावर उंटाच्या कुळातलं. अमेरिकेत त्याचं पेव फुटलं ते १९८०च्या दशकात. कुणी डोंगरात सामान वाहायला घेतला, कुणी मेंढ्यांच्या राखणीला, तर कुणी केवळ हौस म्हणून. एकेका जनावराला हजारो डॉलर मोजले गेले. पुढे भाव कोसळले, लामा मात्र तिथेच राहिले. पश्चिम मोंटानातला जनावरांचा एक मोठा आश्रम २०१० च्या अखेरीस पैशाअभावी मोडकळीला आला, तेव्हा त्यात शेकडो लामा उपाशी होते. ऐन हिवाळ्यात ट्रकमधून त्यांना हलवावं लागलं. अशा उपाशी जनावरापुढे दयेपोटी दाण्याची पाटी ओतणं घातक ठरतं. रक्तातल्या क्षारांचा तोल एकदम ढळतो आणि उपासातून वाचलेलं जनावर खाण्यानं दगावतं. आधी गवत, तेही थोडं थोडं, दाणा नंतर.

पण लामाचे सगळेच आजार उपासमारीचे नसतात. अनेक आजार परक्या मुलखाचे आहेत. अँडीजमधली हवा कोरडी आणि ऊन प्रखर. ओरेगॉनच्या ढगाळ हिवाळ्यात त्याच्या पिल्लांना ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडतं आणि पाय वाकतात. दक्षिणेकडच्या दमट उन्हाळ्यात मोठे लामा उष्म्यानं कोसळतात. अशा वेळी पाणी पाठीवर ओतून उपयोग नाही, कारण ओली लोकर उष्णता आतच कोंडते. पाणी मारायचं ते पोटाखाली, जिथे लोकर विरळ असते.

अमेरिकेच्या पूर्व भागात सगळ्यांत धास्ती असते ती हरणाच्या जंताची. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मेंदूभोवतीच्या आवरणात हा जंत राहतो आणि हरणाला फारसा त्रास देत नाही. त्याच्या अळ्या लेंड्यांतून बाहेर पडतात आणि गोगलगाईंच्या अंगात शिरतात. ओल्या कुरणात चरताना गवताबरोबर अशी एखादी बारीक गोगलगाय लामाच्या पोटात जाते. पुढे अळी मज्जारज्जूत पोचते. हे शरीर तिच्या ओळखीचं नाही, इथे तिचं जीवनचक्र पुरं होत नाही, म्हणून ती नुसती भटकते आणि जाईल तिथे नासधूस करते. आधी मागचे पाय अडखळतात, मग कंबर झोकांड्या खाते, मग जनावर बसतं.

औषध आहे. फेनबेंडाझोल हे जंतनाशक मोठ्या मात्रेत पाच दिवस देतात, सोबत मज्जारज्जूची सूज उतरवणारं औषध. जंत मरतो, पण त्यानं केलेलं नुकसान औषधानं भरून येत नाही. खरी लढाई इथून पुढे सुरू होते आणि ती माणसाच्या हातांची असते.

पाय पोटाखाली दुमडून छातीवर बसणं ही लामाची नेहमीची बैठक. त्याला तसंच बसतं ठेवायचं. तो कुशीवर कलंडला तर पोटात वायू धरतो, श्वास जड होतो. म्हणून दोन्ही बाजूंनी गवताचे भारे लावतात, खाली जाड अंथरूण घालतात, दर काही तासांनी कूस बदलतात. दिवसातून काही वेळा झोळीत घेऊन उभं करतात. दीडशे किलोंचं जनावर उचलायला कप्पी आणि चार माणसं लागतात. काही दवाखान्यांत कोमट पाण्याच्या टाकीत तरंगत उभं करायची सोय असते. पाय चोळायचे, सांधे हलवायचे. आणि शेजारी कळपातला एखादा सोबती बांधायचा. ही भाबडी हौस नव्हे. एकटा पडलेला लामा खाणं सोडतो.

खाणं सुटलं की नवं संकट. अंगातली चरबी सुटून यकृतात साठू लागते आणि मूळ आजार राहतो बाजूला, यकृतच जीव घेतं. लामाच्या शरीरात इन्सुलिन मुळात कमी बनतं आणि जे बनतं त्याचा असरही कमी. ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात क्रिस्टोफर सेब्रा यांनी या विषयावर बरंच काम केलं. त्यातून शिरेवाटे पोषण आणि सोबत इन्सुलिन, ही उपचाराची दिशा पक्की झाली. पण ती शीर सापडणंही सोपं नाही. मानेची कातडी जाड, आणि नीलेच्या अगदी लगत रोहिणी. आणखी एक जुना, थोडा किळसवाणा उपाय आहे: निरोगी जनावराच्या जठरातला रस काढून आजाऱ्याच्या पोटात सोडायचा. पचनाचे जंतू परत रुजले की रवंथ सुरू होतो. रवंथ दिसला की डॉक्टरांच्या जिवात जीव येतो. सेवा करणाऱ्यावर तो थुंकला, तर माझ्या मते त्याहून चांगली खूण नाही.

हरणाच्या जंताखेरीज लामाचा दुसरा मोठा वैरी आपल्या मेंढपाळांच्याही ओळखीचा. जठराला चिकटून रक्त पिणारा हा जंत महाराष्ट्रातल्या शेळ्या-मेंढ्यांतही पावसाळ्यात माजतो. डोळ्याची खालची पापणी उलटून तिचा रंग पाहायचा: लालसर असेल तर ठीक, पांढरी पडली असेल तर धोका. दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी बनवलेला ‘फमाचा’ हा पाच रंगांचा तक्ता आता लामांसाठीही वापरतात. लामाच्या लंबगोल रक्तपेशी उंचावरच्या विरळ हवेला सरावलेल्या असतात. त्यामुळे अंगातलं रक्त पार उतरलं तरी तो चालत राहतो. शेवटी रक्त चढवण्याची पाळी येते.

आणि इथेच एक पेच आहे. हरणाच्या जंतापासून बचाव म्हणून अनेक ठिकाणी दरमहा आयव्हरमेक्टिन टोचतात. सततच्या माऱ्यामुळे हा रक्तपिपासू जंत त्याच औषधाला दाद देईनासा झाला आहे. एका रोगाची ढाल दुसऱ्याचं बळ वाढवते. माझ्या मते सुईपेक्षा कुंपणावर खर्च केलेला बरा. हरणं बाहेर ठेवावीत, पाणथळ तुकडा चरण्यातून वगळावा आणि पापण्या पाहून गरज असेल त्यालाच जंतनाशक द्यावं.

इतकं करूनही काही लामा उठत नाहीत. आठवडे झोळीत काढूनही पायांत जोर येत नाही, अंगावर जखमा होतात. मग त्याला शांतपणे मरण देणं हाही शुश्रूषेचाच भाग आहे, हे मान्य करावं लागतं. जे उठतात त्यांतले काही जन्मभर तिरके चालतात, पण चरतात आणि कळपात राहतात. हरणाच्या जंतावर उपचार सुरू होताना जो अजून स्वतःच्या पायांवर उभा असतो, त्याची बरं होण्याची आशा चांगली असते. बसलेल्याची फार कमी. म्हणून मागचा पाय अडखळताना दिसला की डॉक्टरला त्याच दिवशी बोलवावं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.