नानांचा सवाल आणि लाल टेस्ट

गेल्या सुट्टीत रत्नागिरीला माझ्या भाच्यानं मिरासचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. वारस भरले की कुणाचा किती हिस्सा ते स्क्रीनवर येई. मागे बीवी, एक मुलगा, एक मुलगी : बीवीला आठवा भाग, उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. बरोबर आलं. सगळे खूश.

अब्बांनी मात्र विचारलं, "बाई वारली. मागे शौहर आणि दोन सख्ख्या बहिणी. माल सहा लाखांचा. आता सांग."

प्रोग्रॅमनं शौहरला निम्मे म्हणून तीन लाख दिले, बहिणींना दोन तृतीयांश म्हणून चार लाख. सहातून सात वाटून मोकळा!

फराइजमध्ये याला 'औल' म्हणतात. सहाऐवजी सात वाटे करायचे, तीन शौहरला, चार बहिणींना. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात हा निर्णय झाल्याचं सांगतात.

भाच्यानं लगेच दुरुस्ती केली. प्रत्येक ठरलेल्या हिश्श्याला हिश्श्यांच्या बेरजेनं भागलं. बहिणींचं उत्तर जुळलं. पण पहिलं उदाहरण पुन्हा तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही. तिथे ठरलेला हिस्सा एकच, बीवीचा. आठव्या भागाला आठव्यानंच भागलं, म्हणजे सगळा माल बीवीला आणि मुलं कोरडी! भागाकार फक्त बेरीज एकाच्या वर गेली तरच करायचा होता.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात ऑटोमेटेड टेस्टिंग शिकवतात ते यासाठीच. पायथॉनमध्ये 'पायटेस्ट' हे फुकट साधन आहे. वेगळ्या फाइलमध्ये प्रत्येक उदाहरण आणि त्याचं खरं उत्तर लिहून ठेवायचं. एक कमांड दिली की सगळी उदाहरणं क्षणात तपासली जातात, चुकलेलं लाल दिसतं. कोड गिटहबवर ठेवला तर प्रत्येक बदलानंतर ही तपासणी आपोआप होण्याची सोयही आहे. अपूर्णांकांतही फसगत होते : पायथॉनमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेवटी एक बारीक शेपूट उरतं. म्हणून हिश्श्यांसाठी 'फ्रॅक्शन' वापरायचं.

टेस्टशिवाय 'लिंटर' असतो. तो प्रोग्रॅम न चालवताच कोड वाचतो आणि न वापरलेली नावं, विसरलेल्या ओळी दाखवतो. पुण्यात टाटांच्या १९८१ साली सुरू झालेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात अशाच न चालवता तपासण्याच्या साधनांवर बरीच वर्षं काम झालं. पण औल लिंटरला कळत नाही. त्याला जाणकार माणूसच हवा, आणि आमच्या घरात तो लॅपटॉपला हातही न लावणारा निघाला. (नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मींच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला. त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वसियत आणि वारशाच्या हिशेबांचाच आहे.)

कफन-दफनचा खर्च, कर्ज आणि वसियत वाटणीच्या आधी वजा करणं भाच्याच्या प्रोग्रॅममध्ये अजून नाही. नानांनी त्याची उदाहरणं उत्तरांसकट वहीत लिहून दिली, त्यानं ती टेस्टच्या फाइलमध्ये उतरवली. सध्या ती सगळी लाल आहेत.