लोअर आर्मवरची तांबूस रेघ
नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावरचा रस्ताही मग सरळ राहत नाही. खड्ड्याचा दणका चाकातून लोअर आर्मपर्यंत, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या खालच्या दांड्यापर्यंत, पोहोचतो. बऱ्याच गाड्यांत हा आर्म म्हणजे पोलादी पत्र्याचे वेल्ड केलेले दाबीव भाग.

तो एका दणक्यात क्वचितच तुटतो. लाखो लहान झटक्यांनी धातू थकतो आणि तडा बहुधा वेल्डच्या कडेला, जिथे ताण एकवटतो, तिथून सुरू होतो. रंग फोडून गंजाची बारीक रेघ दिसली, की संशय घ्यावा.

खात्रीसाठी डाय पेनेट्रंट चाचणी. ग्रीस, रंग, गंज काढून लाल द्रव फवारायचा, दहाएक मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा, मग पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पृष्ठभागाखालचा दोष मात्र यात सापडत नाही; त्याला अल्ट्रासोनिक किंवा क्ष-किरण तपासणी लागते.

तडकलेल्या आर्मवर पुन्हा वेल्डिंग मारून घेणं हा आपल्याकडचा आवडता (आणि धोक्याचा) जुगाड. उष्णतेनं जोडाशेजारच्या पोलादाची रचना बदलते, आर्म किंचित वाकतो. तो बदलावाच, आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावं.