शस्त्रक्रियेआधीचे पंधरा दिवस : मनातली शंका आणि ताटातली भाकरी

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आता आपल्याकडेही बरेच जण विचारतात. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडच्या ताया-दादा कार्यक्रम संपल्यावर बाजूला बोलावतात. आवाज खाली गेलेला असतो, जणू काही गुन्हा कबूल करायचा आहे. पहिला प्रश्न ऑपरेशनचा नसतोच. "सिस्टर, माझ्याच्याने जेवण आवरत नाही म्हणून पोट कापून घ्यायचं, हे बरोबर आहे का?" असा तो असतो.

या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ, मग ताटाकडे वळू.

हा आळस नाही, आजार आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. एवढी सगळी माणसं एकदम आळशी झाली, असं कोणी म्हणू शकत नाही. उपाशी राहून दहा किलो उतरवले की शरीर ते संकट समजतं. भूक लावणारी संप्रेरकं वाढतात, शरीर कमी ऊर्जेत काम चालवायला शिकतं आणि वजन परत येतं. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही.

शस्त्रक्रिया कोणासाठी? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १.५५ मीटर आणि वजन ९० किलो असेल तर उत्तर साधारण ३७.५ येतं. हा तुमचा बीएमआय. २०२२ साली या विषयातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवे निकष दिले. बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, मधुमेह असेल तर ३० पासून. आपल्यासारख्या आशियाई लोकांत कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी ही रेषा २७.५ वर आणली आहे. रेषा ओलांडली म्हणजे ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही. विचार करण्याचा तुम्हाला हक्क आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मनात येणाऱ्या शंका

"टेबलावरच मेले तर?" ही भीती सगळ्यांनाच असते. २०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली, शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांनी अबुधाबीत ती वारली. ती बातमी लोकांच्या मनात बसली आहे. पण तिचं वजन ५०० किलोच्या घरात होतं, वर्षानुवर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती. तिच्यावरून आपला हिशेब मांडू नये. अनुभवी केंद्रात या शस्त्रक्रियेतला मृत्यूचा धोका हजारात एक ते तीन, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास असतो. धोका शून्य मात्र नाही. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ हे होऊ शकतं. हे न सांगता सही घेणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा विचारा.

"लोक काय म्हणतील?" राजकारण बाजूला ठेवून एक उदाहरण बघा. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते त्याबद्दल मोकळेपणाने बोलतात. मोठ्या माणसाने केलं की "तब्येतीची काळजी घेतली", आणि आपल्या वस्तीतल्या बाईने केलं की "थेरं सुचतात", हा न्याय मान्य करू नका.

"करूनही वजन परत वाढलं तर?" ही शंका मात्र खरी आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा उतरतो. पण दिवसभर फरसाण, गोड चहा आणि केळीचे वेफर चालू राहिले तर लहान पोटही हरतं. शस्त्रक्रियेने भूक कमी होते. सवय आपल्यालाच बदलावी लागते.

ताट इतकं जड का जातं?

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कडक आहार देतात. दिवसाला ८०० ते १२०० कॅलरी, प्रथिनं जास्त; पोळी, भात, साखर, तेल अगदी कमी. ही शिक्षा नव्हे. जाड माणसाचं यकृत चरबीने सुजलेलं असतं आणि त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना तो उचलावा लागतो. या आहाराने यकृत लहान आणि मऊ होतं, डॉक्टरांना जागा दिसते, धोका कमी होतो. म्हणजे हे पंधरा दिवस ऑपरेशनचाच पहिला भाग आहेत.

तरी ते जड जातात, कारण आपल्या घरात ताटाला इतिहास आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली, सुकडीवर आणि मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढलेली आई किंवा सासू अजून चुलीपाशी बसलेली असते. तिच्या लेखी भरलेलं ताट म्हणजे माया आणि इज्जत. "खाई ले ना वं माय, कितली सुकी गई," असं ती म्हणते तेव्हा तिच्याशी भांडू नका. दवाखान्यात जाताना तिलाही सोबत न्या आणि यकृताचं कारण आहारतज्ज्ञांच्या तोंडून ऐकू द्या. घरातल्या बाईची आणखी एक अडचण असते. उरलेलं टाकवत नाही म्हणून ती स्वतःच्या पोटात टाकते. हे पंधरा दिवस उरलेल्याची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या माणसाने घ्यावी.

आपल्या स्वयंपाकातून मार्ग निघतो. उकडलेली अंडी, भाजलेले किंवा रश्शातले मासे, चिकन, मूग-मठाची उसळ, पातळ डाळ, ताक, पालेभाजी हे सगळं बसतं. वांग्याचं भरीत चालेल, पण वर तरंगणारं तेल आणि मूठभर शेंगदाणे नकोत. दादरची किंवा कळण्याची भाकरी सांगितली असेल तेवढीच, चतकोर म्हणजे चतकोर. शेवभाजी, तुपातली बट्टी, मांडे आणि बुद्धपौर्णिमेची खीर पुढे बघू.

पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. मग शरीर सरावतं. मध्येच एखाद्या रात्री ताबा सुटला तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका. पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करा आणि आहारतज्ज्ञांना खरं सांगा. लपवलं तर डॉक्टरांना सुजलेलं यकृत टेबलावर दिसतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

एक धोक्याची सूचना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खाणं कमी झाल्यावर साखर एकदम उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या अशा आहारात आणि ऑपरेशनआधी बंद कराव्या लागतात. आहार सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, स्वतःच्या मनाने बदलू नका. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या उपासिकांनीही या काळात दुपारनंतर न जेवण्याबद्दल आधी विचारावं. तंबाखू, मशेरी, विडी आधीच सुटली पाहिजे.

कोसलच्या राजाची गोष्ट

संयुत्त निकायात राजा पसेनदीची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याचा अपमान केला नाही, मात्रा जाणून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला सांगितलं. हळूहळू त्याचा आहार कमी झाला आणि शरीर हलकं झालं. मला यातला सुदस्सन महत्त्वाचा वाटतो. राजालासुद्धा एकट्याने जमलं नाही, शेजारी बसून आठवण देणारा माणूस लागला. तुमच्या घरात सुदस्सन कोण, हे तारीख घेण्याआधी ठरवा.

सही करण्याआधी

आपल्या भागातून बरेच जण यासाठी नाशिक, संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईला जातात. म्हणून तपासणीला पुन्हा पुन्हा जाण्याचा खर्चही धरा. विमा असेल तर २०१९ च्या विमा नियमांतली अट वाचा : वय १८ पूर्ण, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह. ही अट डॉक्टरांच्या निकषापेक्षा कडक आहे, म्हणून मंजुरी लेखी घ्या. सरकारी योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कर्ज काढून घाई करू नका.

डॉक्टरांना विचारा : माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या? रात्री त्रास झाला तर जळगाव-धुळ्यात कोणाकडे जायचं? बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागेल, त्याचा महिन्याचा खर्च किती? मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, हेही जोडीदारासमोर बोलून घ्या.

उत्तरं पटली नाहीत तर तारीख पुढे ढकला. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. नको वाटलं तर नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि हो म्हणायचं ठरलं तर मान खाली घालून नका जाऊ. आपलं शरीर आपलं आहे, त्याच्यावर उपचार घ्यायला कोणाची माफी मागावी लागत नाही.