चालत्या यंत्राचं बिऱ्हाड

सहा खेळाडू ‘क्वेक ३’ खेळत होते आणि तो गेम ज्या व्हर्च्युअल मशीनवर चालला होता, ती खेळ सुरू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली गेली. खंड पडला ६० मिलिसेकंदांचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २००५ साली झेन या प्रणालीवरचा हा प्रयोग शोधनिबंधात मांडला.

बाजारात ही करामत त्याआधीच आली होती. व्हीएमवेअरचं व्हीमोशन २००३ सालचं. चालू व्हर्च्युअल मशीनची (व्हीएमची) मेमरी नव्या सर्व्हरवर उतरवायला घ्यायची. तेवढ्यात तिची जी पानं बदलतील, ती पुन्हा पाठवायची. उरलेला ढीग अगदी लहान झाला की यंत्र क्षणभर थांबवायचं, उरलंसुरलं पोचवायचं आणि पलीकडे चालू करायचं. डिस्क जागची हलत नसे. ती दोन्ही सर्व्हरना दिसेल अशा सामायिक स्टोरेजवर असे. स्टॅनफर्डच्या ‘व्ही’ प्रणालीने हीच चाल १९८५ मध्ये खेळून पाहिली होती, पण तेव्हा हलला होता नुसता प्रोग्राम. आता विंचवासारखं अख्खं बिऱ्हाड पाठीवर आलं, ऑपरेटिंग सिस्टिमसकट.

म्हणजे हलवण्याचा प्रश्न तेव्हाच बराचसा सुटला होता. पुढची वीस वर्षं गेली ती हलवण्याआधीच्या आणि नंतरच्या कामांत.

एक व्हीएम माउसने ओढून टाकता येते. चारशे हलवायच्या तर? नव्या सर्व्हरवर मेमरी शिल्लक आहे का, नेटवर्क तेच आहे का, प्रोसेसर जुळतो का (इंटेलवरून एएमडीवर चालू यंत्र नेता येत नाही), बॅकअप मधेच चालू नाही ना, मंजुरी आली का, हे प्रत्येकीसाठी बघायचं. त्यात १ गिगाबिटच्या जाळ्यावर एका सर्व्हरमागे एका वेळी चारच व्हीमोशन चालत, १० गिगाबिटवर आठ, बाकीच्या रांगेत. सगळ्या एकदम सोडून निवांत चहाला जायची सोय नव्हती.

या कटकटीचं उत्तर स्वित्झर्लंडहून आलं. लोझानच्या ड्यून्स टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर कामांची साखळी पडद्यावर चौकटी आणि बाणांनी रेखाटू देत असे. चौकटीच्या पोटात जावास्क्रिप्टच्या चार ओळी. व्हीएमवेअरने २००७ मध्ये ही कंपनी घेतली आणि २००९ मध्ये आपल्या व्हीस्फिअर ४ या प्रणालीसोबत तेच सॉफ्टवेअर ‘व्हीसेंटर ऑर्केस्ट्रेटर’ म्हणून दिलं. गंमत अशी की ते व्हीसेंटर या व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप इन्स्टॉल होई. आपल्याच सर्व्हरवर हे पडून आहे, याचा कित्येक ॲडमिनना पत्ताच नसे.

ज्यांना पत्ता लागला त्यांची रात्रपाळी हलकी झाली. तपासणी, मंजुरीसाठी थांबणं, स्थलांतर आणि शेवटी ईमेल, असा एकच वर्कफ्लो. अर्थात खरं कौशल्य बिघाडाच्या बाणात होतं. विसावी व्हीएम अडली तर एकविसावी सोडायची की थांबायचं, हे आधी ठरवलं नसेल तर यंत्र तीच चूक माणसापेक्षा कितीतरी वेगाने करतं.

२०१५ च्या व्हीस्फिअर ६ ने एका व्हीसेंटरमधून दुसऱ्यात, दूरच्या डेटासेंटरपर्यंत व्हीएम चालू स्थितीत नेण्याची सोय केली. दोन टोकांमधला विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत चालू लागला. त्याच वर्षी रेड हॅटने अशीच कामं आपोआप करून घेणारं अन्सिबल विकत घेतलं. चौकटी-बाणांच्या जागी साध्या मजकुराची प्लेबुक लिहिणाऱ्यांची पिढी तोवर आली होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली. महिनाभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली, वर्गणी तेवढी उरली, आणि अनेक ग्राहक प्रॉक्समॉक्स, न्यूटॅनिक्स, हायपर-व्ही या पर्यायांकडे बघू लागले.

व्हीएमवेअरबाहेरच्या या प्रवासात व्हीमोशन कामाचं नाही. प्रॉक्समॉक्स ज्यावर चालतं त्या केव्हीएमवर जायचं तर डिस्कचं स्वरूप बदलावं लागतं, विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर आधीच घालावे लागतात, नाहीतर नव्या घरी त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाही. बदललेले ब्लॉक आधीपासून पाठवत राहिलं तरी शेवटी यंत्र बंद करावंच लागतं. म्हणून यंत्रं बंद ठेवून काम उरकायची शनिवारची रात्र परत आली. प्लेबुकमध्ये शहाणी माणसं एक ओळ आवर्जून ठेवतात: जुनी व्हीएम बंद करायची, तिचं नेटवर्क तोडायचं, पण इतक्यात पुसायची नाही.