जंतू, विरजण आणि प्रोबायोटिक : एका संकल्पनेची वाटचाल

लिओ टॉलस्टॉय यांच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेच्या नायकामागे तुला येथील न्यायखात्यातील अधिकारी इव्हान इलिच मेचनिकोव्ह यांचा १८८१ मधील मृत्यू आहे, ही बाब रशियन साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यांचे धाकटे बंधू इल्या मेचनिकोव्ह (१८४५-१९१६) मात्र बहुधा जीवशास्त्राच्या इतिहासातच भेटतात. ज्या मृत्यूतून टॉलस्टॉय यांनी जगण्याच्या अर्थाचा प्रश्न उभा केला, तो मृत्यूचा प्रश्न इल्या यांनी शरीरशास्त्राकडे वळवला. वार्धक्य का येते आणि ते लांबवता येईल काय, हा तो प्रश्न होय. आजच्या ‘प्रोबायोटिक’ या संकल्पनेचा उगम त्यात आहे.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कार्यरत असलेल्या मेचनिकोव्ह यांना रोगप्रतिकारशक्तीविषयीच्या संशोधनासाठी १९०८ साली पॉल एअरलिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. वार्धक्याविषयीची त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे होती : मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जीवाणू विषारी द्रव्ये निर्माण करतात, ही द्रव्ये रक्तात मिसळून शरीर झिजवतात, दूध आंबवणारे जीवाणू आम्ल निर्माण करून या कुजण्यास आळा घालतात, सबब आंबवलेल्या दुधाच्या सेवनाने वार्धक्य लांबेल. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचा दाखला या मांडणीस पूरक ठरला. तेथील दह्यातील जीवाणू स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली ओळखला होता. तथापि, १९२० च्या दशकात अमेरिकेत लिओ रेटगर यांनी केलेल्या प्रयोगांत हा जीवाणू मानवी आतड्यात वस्ती करीत नसल्याचे दिसले आणि तर्काच्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा निखळला.

या विषयात शब्दांचा इतिहासही विचारात घेणे आवश्यक आहे. संस्कृतात ‘जंतू’ म्हणजे जन्मास आलेला कोणताही जीव. मराठीत या शब्दाचा अर्थ आकुंचित होत कृमी आणि पुढे रोगाचे कारण असा झाला. ‘जंतुनाशक’ या शब्दात तर तो उघड शत्रूच ठरतो. मराठी स्वयंपाकघराने मात्र ‘विरजण’ हा शब्द जपला. कालच्या दह्यातील थोडे बाजूला ठेवून आजचे दूध लावायचे, हा जीवाणू सांभाळण्याचाच व्यवहार होय. एकाच भाषेत एकाच जीवसृष्टीविषयीच्या या दोन दृष्टी परस्परांना न भेटता नांदत राहिल्या.

आजचे विज्ञान दुसऱ्या दृष्टीच्या अधिक जवळ आहे. मानवी शरीरातील जीवाणूंची संख्या पेशींच्या दहापट असते, असे पूर्वी सर्रास लिहिले जाई. २०१६ च्या अंदाजानुसार सुमारे ३० लाख कोटी मानवी पेशींमागे सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. न पचलेल्या तंतुमय अन्नापासून ते लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन असते. रोगकारक जीवाणूंना जागा व अन्न न मिळू देणे आणि प्रतिकारयंत्रणेच्या घडणीस हातभार लावणे, हीही त्यांची कार्ये होत.

यावरून कोणतेही दही वा कोणतीही कॅप्सूल आरोग्यदायी ठरते, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा मात्रेत दिल्यास आश्रयदात्याच्या आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. लाभ सिद्ध होणे ही या व्याख्येची अट आहे आणि तो विशिष्ट वाणापुरता सिद्ध व्हावा लागतो. घरच्या विरजणातील वाण निश्चित नसतात. म्हणून उत्तम अन्न असूनही त्यास काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

या काटेकोरपणाचे मोल नवजात अर्भकांच्या संदर्भात विशेष जाणवते. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ अर्भकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक वाण त्यास पोषक शर्करेसह सात दिवस देण्यात आला. जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९.० टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही अर्भके पुरेशा वजनाची होती. उलटपक्षी, २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका मृत्यूनंतर, रुग्णालयातील अकाली जन्मलेल्या अर्भकांना प्रोबायोटिक देण्यातील धोक्याविषयी इशारा दिला. प्रतिजैविकांनंतर घेतलेल्या प्रोबायोटिकांमुळे आतड्यातील मूळ जीवसृष्टी पूर्ववत होण्यास विलंब होऊ शकतो, असेही २०१८ च्या एका इस्रायली अभ्यासात आढळले.

तात्पर्य, ‘प्रोबायोटिक’ हे एकवचनी नाम अनेक भिन्न वस्तूंना एकाच आश्वासनाखाली आणते. ‘जंतू’ या शब्दाने सर्वांना शत्रू ठरवले, तर या शब्दाने सर्वांना मित्र ठरवण्याचा संभव आहे. कोणता वाण, किती मात्रेत, कोणास आणि कोणत्या अवस्थेत, हे प्रश्न दोन्ही शब्द झाकून टाकतात. आणि अर्भकाचे जगणे या प्रश्नांच्या उत्तरांवरच अवलंबून असते.